इंग्रजी शब्दांचा संग्रह आणि वाक्यांतील शब्दांचा क्रम

दिवेलागणीनंतर मराठी घरांतून जे आवाज ऐकूं येतात, त्यांत इंग्रजी शब्द घोकण्याचा आवाज कित्येक पिढ्या चालत आलेला आहे. वहीच्या एका बाजूस इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूस मराठी अर्थ, मध्यें एक उभी रेघ, आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंस एका लयींत फिरणारी मुलाची मान, हें चित्र कोणासहि अपरिचित नाहीं. पूर्वीं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर हें घोकणें चाले. आज तें बालभारतीच्या पुस्तकावर आणि बाजारांतील मार्गदर्शिकांवर चालतें. साधनें बदललीं, आवाज तोच राहिला. आणि तक्रारहि तीच राहिली. रात्रीं वीस शब्द धडाधड म्हणून दाखविणारा मुलगा आठ दिवसांनीं त्यांतले बरेचसे विसरलेला असतो, आणि जे आठवतात त्यांचें एक वाक्य करावयास सांगितलें कीं पेन्सिल चावीत बसतो.

ही तक्रार हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास २००० सालीं प्रारंभ झाला. म्हणजे शालांत परीक्षेपर्यंत मूल दहा वर्षें ही भाषा शिकतें. एवढें असूनहि गणितांत व शास्त्रांत चांगली गति असलेलीं कित्येक मुलें केवळ इंग्रजीच्या धास्तीनें स्वतःस मंदबुद्धि समजूं लागतात. पुढील शिक्षणाची शाखा निवडतांना मुलाला काय आवडतें हें न पाहतां, कोठें इंग्रजी कमी लागेल, हें पाहिलें जातें. त्या धास्तीचें मूळ मुलाच्या बुद्धींत नसतें. तें बहुधा दोन ठिकाणीं असतें: शब्द सांठविण्याच्या रीतींत आणि वाक्य जुळविण्याच्या रीतींत.

प्रथम परीक्षा काय विचारते तें पाहणें इष्ट होईल. दहावीच्या शालांत परीक्षेंत मराठी माध्यमाचा विद्यार्थी तृतीय भाषा म्हणून इंग्रजीचा जो ८० गुणांचा लेखी पेपर देतो, त्याचा पहिलाच प्रश्न भाषाभ्यासाचा असतो. दिलेले शब्द अकारविल्हे, म्हणजे इंग्रजी वर्णानुक्रमानें, लावणें. गाळलेलीं अक्षरें भरून शब्द पुरा करणें. एका मोठ्या शब्दांतील अक्षरांतून चार लहान शब्द काढणें. एका शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द सुरू करून सांखळी करणें. एखाद्या शब्दाभोंवतीं त्याच्याशीं संबंधित शब्दांचें जाळें विणणें, असे त्याचे प्रकार आहेत. खालच्या इयत्तांत व स्पर्धापरीक्षांत विस्कटलेल्या शब्दांतून वाक्य आणि विस्कटलेल्या वाक्यांतून परिच्छेद जुळविणें हेंहि येतें. यांपैकीं एकाहि प्रश्नांत अमुक शब्दाचा मराठी अर्थ सांगा, असें सरळ विचारलेलें नाहीं. मुलाचें घोकणें मात्र तेवढ्याचसाठीं चाललेलें असतें!

घोकलेलें विसरतें कां, याचा पद्धतशीर शोध हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें केला. त्यानें अर्थहीन अक्षरांच्या याद्या करून त्या स्वतःच पाठ केल्या आणि किती वेळानें किती विसरतें, याचें मोजमाप १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. पाठ केल्यावर पहिल्या तासाभरांतच निम्म्याहून अधिक श्रम वायां जातात. त्यानंतर मात्र विसरण्याचा वेग मंदावतो, असें त्याला आढळलें. यांतून निघणारा बोध सोपा आहे. एका बैठकींत पन्नास वेळां म्हटलेला शब्द पहिल्या घसरणींतच वाहून जातो. तोच शब्द आज, उद्यां, चार दिवसांनीं आणि पंधरवड्यानें असा थोडथोडा पाहिला तर टिकतो. मराठी अर्थ लावून म्हटलेले शब्द अगदीं अर्थहीन नसतात हें खरें. पण ज्याचा अर्थ केवळ रेघेपलीकडे लिहिलेला आहे, तो शब्द मुलाच्या लेखीं अर्थहीन शब्दांहून फारसा निराळा नसतो.

दुसरा शोध शिक्षकांनीं अधिक लक्षांत ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांतील सहाव्या इयत्तेच्या ३६०५ विद्यार्थ्यांवर स्पिट्झर यांनीं केलेला प्रयोग १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. सर्व मुलांना एकच उतारा वाचावयास दिला होता. कांहीं मुलांची त्याच दिवशीं चाचणी घेतली, कांहींची बऱ्याच दिवसांनीं घेतली. ज्यांना वाचल्याबरोबर प्रश्न विचारले गेले, त्यांच्या स्मरणांत तो मजकूर पुढें कित्येक आठवडे इतरांहून चांगला राहिला. अर्थात् चाचणी ही केवळ शिकलेलें मोजण्याची काठी नव्हे. मनाला तें बाहेर काढावयास लावणें हाच शिकण्याचा एक प्रकार आहे. पुस्तकावर डोळे ठेवून दहा वेळां म्हणण्यापेक्षां पुस्तक मिटून एकदां आठवण्याचा प्रयत्न करणें अधिक फलदायी होतें, मग त्या प्रयत्नांत दोन चुका झाल्या तरी हरकत नाहीं.

या दोन गोष्टींची सांगड घालणारी एक घरगुती युक्ति सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानें १९७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणली. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूचे लहान तुकडे कापावे. एका अंगास इंग्रजी शब्द, दुसऱ्या अंगास मराठी अर्थ व त्या शब्दाचें एक छोटें वाक्य लिहावें. मिठाईच्या रिकाम्या खोक्यांतून तीन कप्पे करावे. नवा शब्द पहिल्या कप्प्यांत पडतो आणि रोज विचारला जातो. आला कीं दुसऱ्या कप्प्यांत जातो, जेथें चार दिवसांनीं त्याची पाळी येते. पुन्हां आला कीं तिसऱ्यांत, जेथें पंधरवड्यानें. चुकला कीं कोठूनहि परत पहिल्यांत. या रीतीचा विशेष असा कीं ज्याचें इंग्रजी मुलाला पक्कें येतें, त्यावर वेळ जात नाहीं. वहींतील यादी मात्र आलेल्या व न आलेल्या शब्दांना सारखीच वागणूक देते. शिवाय ज्या आजीला इंग्रजीचें एक अक्षर येत नाहीं, तिलाहि ही परीक्षा घेतां येते. तिनें मराठी बाजू वाचावी. मुलानें इंग्रजी शब्द सांगून पाटीवर लिहावा. आजीनें पत्ता उलटून दोन्ही लिपी-आकृति जुळतात कीं नाहीं तेवढें पाहावें. इंग्रजी न येणें हा घरच्या अभ्यासांतील अडथळा आहे, असें मानणाऱ्या आयांनीं हा प्रयोग अवश्य करावा.

आतां कोणते शब्द घ्यावयाचे? येथें बाजारांतील पुस्तकांनीं फार घोटाळा केलेला आहे. कठीण शब्द म्हणजे उपयोगाचा शब्द, अशी एक समजूत त्यांनीं पसरविली आहे. वस्तुस्थिति उलट आहे. सी. के. ऑग्डन यांनीं १९३० सालीं अवघ्या ८५० शब्दांत व्यवहार चालविणारी 'बेसिक इंग्लिश' ही योजना मांडली. ढाक्क्यास अध्यापन केलेले आणि बंगाली मुलांच्या अडचणी जवळून पाहिलेले मायकेल वेस्ट यांनीं १९५३ सालीं सुमारें २००० शब्दांची एक सामान्य यादी प्रसिद्ध केली. कोणता शब्द किती वेळां वापरांत येतो, हें मोजून ती सिद्ध झालेली होती. साध्या लेखनांतील फार मोठा भाग या दोन हजार शब्दांनींच व्यापलेला असतो. तेव्हां 'मॅग्निफिसंट' हा शब्द पाठ करणाऱ्या मुलाला 'गेट', 'टेक', 'पुट', 'कीप' हे चार शब्द नीट वापरतां येत नसतील, तर त्याचा पाया कच्चा आहे असें समजावें. दिवसास पांच नवे शब्द पुरेत. वर्षाच्या शाळेच्या दिवसांत त्यांचे हजारावर होतात.

शब्द एकटा घेऊं नये, सोबत्यासह घ्यावा. मराठींत 'करणें' हें एक क्रियापद किती संसार चालवितें पाहा! अभ्यास करणें, चूक करणें, आंघोळ करणें. इंग्रजींत या तीन कामांना तीन निराळीं माणसें लागतात: 'डू होमवर्क', 'मेक अ मिस्टेक', 'टेक अ बाथ'. ज्यानें 'डू म्हणजे करणें' एवढेंच पाठ केलें, तो 'डू अ मिस्टेक' लिहिणारच. 'लावणें' याची तर गोष्टच निराळी. दार लावणें 'शट', झाड लावणें 'प्लांट', घड्याळ लावणें 'सेट', टिकली लावणें 'पुट ऑन', वेळ लावणें 'टेक टाइम'. दिवा लावण्यासाठीं आतां 'स्विच ऑन' म्हणतात. पण पुष्कळ मुलें 'ओपन द लाइट' लिहितात. म्हणणें, सांगणें, बोलणें यांचाहि असाच घोटाळा आहे. 'तो मला म्हणाला' यावरून मूल 'ही सेड मी' असें लिहितें. 'टेल' या क्रियापदापुढें माणूस सरळ येतो, 'से' पुढें तो 'टू' चा हात धरून येतो. ए. एस. हॉर्न्बी यांनीं जपानांत इंग्रजी शिकवितांना ही अडचण ओळखून प्रत्येक क्रियापद कोणत्या घडणीच्या वाक्यांत बसतें हें दाखविणारा कोश तयार केला. तो १९४२ सालीं टोकियोस प्रथम छापला गेला आणि पुढें ऑक्सफर्डच्या नांवानें जगभर पसरला. घरांत असा कोश असेल तर त्यांतील अर्थाखालचीं उदाहरणें वाचावीं. अर्थ वाचून पुस्तक मिटण्याची संवय मोडावी.

मराठींत रुळलेले इंग्रजी शब्द हेंहि मुलाचें आयतें भांडवल आहे. टेबल, बस, तिकीट, पेन, डॉक्टर, स्टेशन असे शेंकडों शब्द त्याला शाळेंत जाण्यापूर्वींच येतात. उणीव असते ती स्पेलिंगची. मात्र मराठींत आल्यावर कांहीं शब्दांनीं आपला धंदा बदलला आहे. मराठी 'हॉटेलांत' मनुष्य चहा-भजीं खाण्यास जातो. इंग्रजी 'हॉटेल' मुख्यतः उतरण्याचें ठिकाण आहे.

शब्दांचीं कुळें शिकविलीं म्हणजे एका शब्दाच्या श्रमांत चार हातीं लागतात. 'पॉसिबल' याचें उलट 'इम्पॉसिबल', 'करेक्ट' याचें 'इन्करेक्ट', 'लीगल' याचें 'इल्लीगल', 'रेग्युलर' याचें 'इर्रेग्युलर'. मुलें हे चार शब्द चार निराळ्या गोष्टी म्हणून पाठ करतात. वस्तुतः येथें नकारार्थी 'इन' हा एकच उपसर्ग आहे, आणि पुढच्या अक्षराच्या संगतीनें त्याचा उच्चार बदलतो. ओंठांवर उच्चारल्या जाणाऱ्या 'प' पुढें आला कीं 'न'चा 'म' होतो. हें मराठी मुलाला नवें नाहीं! 'संपूर्ण' या शब्दांतील अनुस्वार आपण 'म्' सारखा म्हणतों आणि 'संत' या शब्दांतील 'न्' सारखा, त्याचें कारण हेंच. 'तत्' आणि 'लीन' मिळून 'तल्लीन' होतें, त्याच न्यायानें 'इन' आणि 'लीगल' मिळून 'इल्लीगल' झालें. ज्यानें संधीचा धडा नीट शिकला आहे, त्याला हे इंग्रजी शब्द पाठ करण्याची गरजच पडूं नये. 'अन' हा दुसरा उपसर्ग मात्र हट्टी आहे. तो 'अनपॉप्युलर' मध्यें 'प' समोर असूनहि बदलत नाहीं. मराठीच्या तासाला शिकलेलें इंग्रजीच्या तासाला वापरतां येतें, हें मुलाच्या ध्यानांत आलें कीं दोन्ही विषयांबद्दलची त्याची वृत्ति बदलते.

स्पेलिंगची अडचण खरी आहे. मराठी लिपींत जसें बोलावें तसें बव्हंशीं लिहितां येतें; इंग्रजींत तसें नाहीं. विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, आणि त्यापुढील दोन-अडीच शतकांत छापणाऱ्यांच्या हातून स्पेलिंगें स्थिर होत गेलीं. उच्चार मात्र वहात राहिले. 'नाइफ', 'नी', 'नो' या शब्दांच्या आरंभींचा 'के' पूर्वीं खरोखर उच्चारला जात असे. आवाज गेला, अक्षर राहिलें. म्हणून असे शब्द एकेकटे न शिकवितां गटानें शिकवावे: मुका 'के' असलेले एकत्र, 'लाइट, नाइट, राइट' एकत्र.

इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरींत उच्चार लिहून ठेवण्याची पुष्कळ मुलांना संवय असते. आरंभीं ती उपयोगी पडते, पण अकारविल्हेच्या प्रश्नांत तीच घात करते. मूल 'नाइफ' हा शब्द 'एन' खालीं, 'फोन' हा 'एफ' खालीं आणि 'सिटी' हा 'एस' खालीं टाकून मोकळें होतें. कारण तें कानानें लावीत असतें. हा क्रम डोळ्यांनीं लावावयाचा असतो. 'फोन' हा 'पी' चा, 'सिटी' हा 'सी' चा, 'नाइफ' हा 'के' चा. पहिलीं अक्षरें सारखीं असतील तर जेथें फरक पडतो तेथवर बोट सरकवीत न्यावें. 'प्ले', 'प्लँट', 'प्लेस', 'प्लॅन' या चारांत पहिलीं तीन अक्षरें 'पी, एल, ए' हींच आहेत. चौथें अक्षर अनुक्रमें 'वाय, एन, सी, एन'. म्हणून 'प्लेस' प्रथम, 'प्ले' शेवटीं. राहिले 'प्लॅन' व 'प्लँट'; 'प्लॅन' जेथें संपतो तेथें 'प्लँट' मध्यें आणखी एक 'टी' आहे. जो आधीं संपला तो आधीं.

सांखळीचा प्रश्न मुलांना खेळासारखा वाटतो आणि त्यांतच तीं अडकतात. 'टेबल' या शब्दाच्या शेवटीं 'ई', म्हणून 'एलिफंट', त्याच्या शेवटीं 'टी', म्हणून 'टायगर', मग 'आर', म्हणून 'रॅबिट', पुन्हां 'टी'. येथवर ठीक. पण इंग्रजींत 'ई' नें संपणारे शब्द इतके आहेत कीं सांखळी वारंवार त्याच अक्षरावर येऊन आदळते, आणि मुलाला 'ई' वरून सुचतात ते 'आय' म्हणजे डोळा किंवा 'एंजिन', ज्यांच्या शेवटीं पुन्हां 'ई'च! तेव्हां 'ई' नें सुरू होऊन दुसऱ्या अक्षरानें संपणारे चार शब्द गांठीं बांधून ठेवावे: 'एग', 'इअर', 'एलिफंट', आणि क्रियापदांची सांखळी असेल तर 'ईट' किंवा 'एंटर'. 'वाय' साठीं नामांत 'यार्ड' व 'याक', विशेषणांत 'यलो' व 'यंग'. 'बॉक्स' आणि 'फॉक्स' यांच्या वाटेस जाऊंच नये. 'एक्स' वरून सुरू होणारें ओळखीचें नाम म्हणजे 'झायलोफोन', आणि तें लिहून पाहावें तर शेवटीं पुन्हां 'ई' उभा.

मोठ्या शब्दांतून लहान शब्द काढतांना 'इम्पॉर्टंट' सारखा शब्द आला तर 'पोर्ट', 'मॅप', 'ट्रेन', 'पॉइंट' असे सहज निघतात. मूळ शब्दांत जें अक्षर जितक्या वेळां आहे त्याहून अधिक वेळां घ्यावयाचें नाहीं, एवढेंच पथ्य.

आतां वाक्याकडे वळावें. कारण खरी अडचण येथें आहे.

'रामानें रावणाला मारलें' हें वाक्य घ्यावें. तेंच 'रावणाला रामानें मारलें' असें म्हटलें, किंवा कवीप्रमाणें 'मारलें रामानें रावणाला' म्हटलें, तरी रामायण बदलत नाहीं. कोणी मारलें हें 'नें' सांगतो, कोणाला मारलें हें 'ला' सांगतो. प्रत्येक शब्दाच्या गळ्यांत त्याच्या कामाचा बिल्ला अडकविलेला आहे. मग तो कोठेंहि बसो. इंग्रजींत 'राम किल्ड रावण' असें वाक्य होतें. येथें ना 'नें' आहे ना 'ला'. हींच दोन नांवें उलट ठेवलीं, 'रावण किल्ड राम', कीं लंकेंत दिवाळी होते! इंग्रजींत शब्दाचें काम त्याच्या जागेवरून ठरतें. सुमारें एक हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींतहि नामांना विभक्तिप्रत्यय लागत असत आणि शब्दांना बरीच मोकळीक होती. पुढें ते प्रत्यय झिजून गेले, तेव्हां अर्थ सांभाळण्याचें काम क्रमाकडे आलें. म्हणून मराठी मुलाच्या हातून शब्द मागेंपुढें झाले कीं तें क्षम्य वाटतें. इंग्रजी वाक्यांत तेंच अर्थाचें नुकसान असतें. हें कारण मुलाला एकदां समजावून सांगितलें पाहिजे. 'कर्ता, क्रियापद, कर्म' एवढें सूत्र फळ्यावर लिहून भागत नाहीं.

जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें १९६३ सालीं तीस भाषांची तुलना करून असें दाखविलें कीं ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, त्या भाषांत संबंध दाखविणारे शब्द बहुधा नामाच्या मागून येतात. मराठी अशीच आहे: 'टेबलावर'. इंग्रजींत क्रियापद कर्त्याला लागून येतें आणि संबंधदर्शक शब्द नामाच्या आधीं: 'ऑन द टेबल'. म्हणजे या दोन भाषा एकमेकींच्या आरशांतल्या प्रतिमा आहेत म्हटलें तरी चालेल. याचा अभ्यासांत फार चांगला उपयोग होतो. 'माझी आई रविवारीं बाजारांत जाते' हें वाक्य घ्या. कर्ता जागेवर ठेवावा आणि उरलेलें वाक्य शेवटाकडून वाचावें: जाते, बाजारांत, रविवारीं. 'माय मदर गोज टू द मार्केट ऑन संडे' हेंच त्याचें इंग्रजी. मराठींत काळ आधीं व स्थळ नंतर, इंग्रजींत स्थळ आधीं व काळ नंतर, हा नियम निराळा पाठ करावा लागत नाहीं. आरसाच तो दाखवितो.

आरशाला दोन-तीन ठिकाणीं तडे आहेत, तेहि सांगितले पाहिजेत. विशेषण दोन्ही भाषांत नामाच्या आधींच राहतें: 'लाल घोडा', 'रेड हॉर्स'. आणि इंग्रजी क्रियापद आपल्या कर्माला सोडीत नाहीं. त्या दोघांच्या मध्यें तें तिसऱ्याला सहसा बसूं देत नाहीं. 'मला आंबे फार आवडतात' यावरून मूल 'आय लाइक व्हेरी मच मँगोज' असें लिहितें. 'आय लाइक मँगोज' हें जोडपें आधीं बसवावें, 'व्हेरी मच' मागून. 'ऑलवेज' सारखे शब्द साध्या क्रियापदाच्या आधीं येतात, 'ही ऑलवेज कम्स लेट'. पण 'इज' असेल तर त्याच्या नंतर, 'ही इज ऑलवेज लेट'.

प्रश्नार्थक वाक्यांत मराठी मुलगा हमखास अडखळतो, कारण मराठींत प्रश्नासाठीं शब्दांची उलथापालथ करावी लागत नाहीं. 'तूं कोठें जातोस?' यांत 'शाळेंत' च्या जागीं 'कोठें' बसविलें कीं काम झालें. म्हणून तो 'यू आर गोइंग व्हेअर' असें लिहितो. इंग्रजींत प्रश्नाचा शब्द पुढें येतो, त्याच्या मागोमाग साहाय्यक क्रियापद, आणि मग कर्ता: 'व्हेअर आर यू गोइंग'. साहाय्यक नसेल तर 'डू' हा उसना आणावा लागतो. त्याला मराठींत प्रतिशब्दच नाहीं. 'डज ही गोज' ही चूक येथूनच निघते. 'ही गोज' मधील शेवटचा 'एस' हा एकच दागिना आहे. तो 'डज' नें घातला कीं 'गो' मोकळाच राहावयाचा. दोघांच्या अंगावर एकच दागिना कसा दिसेल, असें विचारलें कीं लहान मुलेंहि ही चूक सुधारतात.

विस्कटलेल्या शब्दांचें वाक्य जुळवितांना मुलें पहिला शब्द शोधीत बसतात. तसें करूं नये. प्रथम क्रियापद शोधावें. 'मदर, मार्केट, द, माय, टू, गोज, संडे, ऑन' असे आठ शब्द दिले आहेत असें समजावें. 'गोज' सांपडलें कीं कोण जातें हें विचारावें: 'मदर'. नंतर जे शब्द एकमेकांवांचून राहूं शकत नाहींत त्यांच्या मोळ्या बांधाव्या: 'माय मदर', 'टू द मार्केट', 'ऑन संडे'. आठ सुट्या शब्दांच्या आतां चारच वस्तु उरल्या, आणि चार वस्तु लावणें कोणासहि जमतें. 'द' किंवा 'अ' हा शब्द कधीं एकटा ठेवूं नये. त्याच्या मागें कोठें तरी एक नाम त्याची वाट पाहत असतेंच. घरीं सरावासाठीं निराळ्या पुस्तकाची गरज नाहीं. पाठ्यपुस्तकांतील एक वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहून शब्दागणिक कात्रीनें कापावें, ते तुकडे आदल्या रात्रीं लिफाफ्यांत घालावे आणि दुसऱ्या दिवशीं मुलाकडून जुळवून घ्यावे. हातानें तुकडे सरकवितांना जें ध्यानांत येतें, तें खोडरबरानें पुसपुसून येत नाहीं. धाकट्या भावानें थोरल्यासाठीं आणि थोरल्यानें धाकट्यासाठीं असे लिफाफे केले, तर कापणाऱ्याचाहि अभ्यास होतो.

वाक्यांचा परिच्छेद लावतांनाहि असेच आंकडे शोधावयाचे असतात. 'द पॉट हॅड व्हेरी लिटल वॉटर', 'ॲट लास्ट द वॉटर केम अप', 'अ थर्स्टी क्रो सॉ अ पॉट', 'सो ही ड्रॉप्ड स्टोन्स इंटू इट' या चार वाक्यांतील गोष्ट मुलाला ठाऊक असेल. ती ठाऊक नाहीं असें धरून चालावें, कारण परीक्षेंत अनोळखी उतारा येतो. 'अ पॉट' म्हणजे भांडें प्रथमच येत आहे. 'द पॉट' म्हणजे तेंच, मघांचें. तेव्हां 'अ' असलेलें वाक्य आधीं. 'ही' आणि 'इट' हे शब्द कोणाच्या तरी बदली उभे असतात. तो कोणी आधीं येऊन गेलेला असला पाहिजे. 'सो' च्या आधीं कारण हवें; येथें पाणी थोडें हें तें कारण. 'ॲट लास्ट' आपली जागा आपणच सांगतो. मराठींत 'अ' व 'द' यांना नेमके प्रतिशब्द नसल्यामुळें हीं दोन अक्षरें मुलांना निरर्थक वाटतात आणि तीं भराभर गाळलीं जातात. परिच्छेद लावण्याच्या या प्रश्नांत त्यांचें काम मुलाला प्रथमच दिसतें, म्हणून केवळ गुणांसाठीं नव्हे, तर 'अ' आणि 'द' शिकविण्यासाठींहि हा प्रकार घरीं पुष्कळ वेळां करवून घ्यावा.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत नवे शब्द घेऊं नयेत. पहिल्या कप्प्यांत जे पत्ते उरले असतील तेवढेच पाहावे. आणि उत्तरपत्रिकेंत विस्कटलेलें वाक्य लिहून झालें म्हणजे दिलेले शब्द किती होते व आपण लिहिले किती, हें मोजावें. पुष्कळदां वाक्य बरोबर असतें आणि एक 'द' प्रश्नपत्रिकेंतच राहून गेलेला असतो.